पहिला पूर धरणात, मासे कुठे?

तिवसा तालुक्याच्या पूर्वेला वर्धा नदी वाहते, पलीकडे आर्वी. गंगा-ब्रह्मपुत्रेसारखी मैलोन् मैल पसरणारी पूरभूमी तिला नाही. काठची सखल वावरं, पिंगळाईसारख्या लहान नद्या, नाल्यांची तोंडं आणि उन्हाळ्यात उरणारे डोह. माशांचा पाळणा तेवढाच.

मृगात गढूळ लोंढा आला, पाणी जरा थंडावलं, की पोटात अंडी घेऊन मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. हेच चढणीचे मासे. रोहूच्या कुळातली अंडी साधारण पंधरा-अठरा तासांत फुटतात. पिल्लं काठच्या उथळ, कोमट पाण्यात शिरतात, कारण बुडालेल्या गवताभोवती सूक्ष्मजीवांची चंगळ असते. १९८९ साली युंक, बेली आणि स्पार्क्स या शास्त्रज्ञांनी सिद्धान्त मांडला की नदीतलं जीवन पुराच्या चढउतारावर चालतं. भोई-ढिवरांना तो सांगावा लागला नसता.

तिवशाच्या वरच्या अंगाला सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे. पहिला पूर ते भरण्यातच जातो. दारं उघडेपर्यंत विणीचे दिवस सरत आलेले असतात. त्यातही पाणी झपकन चढून झपकन ओसरलं, तर उथळात शिरलेली पिल्लं तिथेच अडकतात.

‘धरणात मासे आहेत की!’ आहेत, पण पुष्कळसे सोडलेले. मूळचे गंगेकडचे रोहू-मृगळ साचलेल्या पाण्यात वाढतात, अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून ती घालायला लावली, आणि मत्स्यबीज हवं तिथे मिळू लागलं. काम मोठंच, पण त्यामुळे नदीवाचून अडत नाही असा समज रुजला. वामसारख्या माशांचं बीज मात्र आजही बहुतेक नदीच घडवते.

सगळं खापर धरणावर फोडणंही बरोबर नाही. वाळूउपशाने तळ ढवळला जातो. सरळ खोदलेल्या नाल्यात वळण राहत नाही, गवतही नाही. कपाशीवर मारलेलं सायपरमेथ्रिन अगदी थोडं वाहून आलं तरी माशांना मारक ठरतं. शिवाय चढणीचा मासा पकडणारे आपणच. एकेका मोठ्या रोहूच्या पोटात लाखो अंडी असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, गावच्या नाल्यावर मात्र याच दिवसांत जाळी लागतात.

विणीच्या दिवसांत पूर मिळावा म्हणून जुलैच्या आरंभी धरणातून थोडं पाणी सोडून ते हळूहळू कमी करत नेता येईल. अमरावती शहराचं पिण्याचं पाणी इथूनच जातं, म्हणून जून कोरडा गेला तर कुणी दार उघडायला धजणार नाही. पण साठा बरा असेल त्या वर्षी हा प्रयोग व्हायला हरकत नाही.