घेणारा तोच देणारा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळव्याला वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या आणि मुंबईतली वीजनिर्मिती तेवढा भार एकटी पेलू शकली नाही. लाखो घरे मोजक्या तारांवर अवलंबून असली, की संकटही सगळ्यांवर एकदमच येते.

संगणकाच्या जाळ्यातही हेच होते. मोठी फाईल एकाच संगणकावर असली आणि हजारो जण ती मागू लागले, तर तो संगणक दमतो. यावर ब्रॅम कोहेन या अमेरिकी तरुणाने २००१ साली ‘बिटटोरंट’ ही पद्धत काढली. फाईलचे लहान लहान तुकडे करायचे. ज्याला जो तुकडा मिळाला, त्याने तो पुढच्याला द्यायचा. मुशायऱ्यात शेर वहीत उतरवून घेणाऱ्याकडून दुसऱ्याने उतरवून घ्यावा, तसेच हे. मागणारे वाढले, की देणारेही वाढतात.

पण नुसत्या चांगुलपणावर जाळे टिकत नाही. तोल राखायला नियम लागतात. पहिला नियम, जो आपल्याला देतो त्याला आधी द्यायचे. दुसरा, नवख्याकडे द्यायला काहीच नसते, म्हणून ठरावीक वेळाने चिठ्ठी टाकल्यासारखा कुणीही एक निवडून त्यालाही वाटा द्यायचा. तिसरा, जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी मिळवायचा, म्हणजे तो नाहीसा होण्याची भीती कमी होते.

तरीही एक कच्चा दुवा उरतोच. आपले काम झाले, की बरेच जण निघून जातात. गाजलेल्या फाईलचे त्याने काही बिघडत नाही. कमी मागणीच्या फाईलचा शेवटचा देणारा गेला, की मात्र एका तुकड्यावाचून सगळे अडून बसतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे संगणकीय ग्रंथालय २०१२ पासून आपल्या संगणकांच्या जोडीला हाही मार्ग वापरते. जुन्या मराठी पुस्तकांना मागणी थोडी, म्हणून देणारेही थोडेच. दुसऱ्याच्या हक्काचे साहित्य परवानगीशिवाय वाटणे गुन्हा आहे, हे खरे. पण हक्कमुक्त पुस्तक उतरवून घेतल्यावर संगणक तासभर चालू ठेवला, तर कुणा अनोळखी वाचकाचे अडलेले शेवटचे पान त्याच्यापर्यंत पोहोचेल.