उघड्या ट्रेलरवर पाऊल ठेवण्यापूर्वी

जालन्यात सळईचे कारखाने आहेत आणि समृद्धी महामार्ग दाराशी आला आहे. त्यामुळे आमच्या भागातली बरीच मुले शिक्षण सुटले की ट्रेलरवर जातात. धंदा वाईट नाही. मात्र फाळके नसलेला, सपाट पाठीचा ट्रेलर आणि साधा मालट्रक यांत मोठा फरक आहे. मालट्रकचा माल हौद्यात राहतो. सपाट ट्रेलरवरची सळई, पत्र्याची कॉईल किंवा यंत्र केवळ साखळी, पट्टे आणि ठोकळे यांच्या भरवशावर असते. ते बांधायला, तपासायला आणि झाकायला ड्रायव्हरला वर चढावे लागते. म्हणूनच या धंद्यातल्या कित्येक दुखापती गाडी उभी असताना होतात.

कायद्याने मालवाहू वाहन चालवण्यासाठी २० वर्षे पूर्ण लागतात आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन किमान १ वर्ष झालेले असावे लागते. सोबत डॉक्टरचा फॉर्म १-अ जोडावा लागतो. हा फॉर्म घेऊन येणारी मंडळी बहुधा उभ्याउभ्याच "तेवढी सही द्या" म्हणतात. त्या कागदावर २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न आहेत. ते उगाच नाहीत. ज्याला फिट येते, ज्याची अधूनमधून शुद्ध हरपते, त्याने हे लपवून स्टेअरिंग धरू नये. चष्मा लागत असेल तर लाज कसली? दोन करून घ्यावेत आणि एक गाडीत ठेवावा.

आता मालाकडे येतो. नव्या मुलांची एक ठाम समजूत असते की माल इतका जड आहे, तो कुठे जातोय! ही समजूत जिवावर बेतते. वजन वाढले की घर्षण वाढते हे खरे, पण ब्रेक मारल्यावर पुढे जाण्याचा मालाचा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे जडपणाचा फायदा शून्य. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, लोखंडावर ठेवलेले लोखंड थांबत नाही. सळई घसरत येऊन केबिनच्या पाठीत घुसते, आणि तिच्यापुढे ड्रायव्हरची पाठ असते. अशी जखम शिवायला आम्हा डॉक्टरांच्या हाती फार काही उरत नाही.

म्हणून सळई पुढच्या आडव्या भिंतीला भिडवूनच भरून घ्यावी, मध्ये हातभर मोकळी जागा सोडू नये. नुसते वरून पट्टे टाकले तर बाहेरच्या सळया दाबल्या जातात आणि आतल्या मधूनच निसटतात. त्यासाठी प्रत्येक भारा सगळ्या बाजूंनी आवळून गुंडाळलेला हवा. खाली लाकूड किंवा रबराची पट्टी घातली की घसरण बरीच कमी होते. तेल-ग्रीस लागलेला माल असेल तर हे हवेच. कॉईल असेल तर दोन्ही बाजूंनी पक्के ठोकळे लावावेत, नुसता दगड लावून निघू नये. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन सगळे पुन्हा ताणावे, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि साखळी सैल पडते. मागे बाहेर आलेल्या सळयांना २०१४ पासून मनाई आहे. मालक "चालतंय की" म्हणाला तरी नाही म्हणावे. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात सळईचे टोक दिसत नाही.

साखळी ताणायच्या दांड्याच्या रेषेत तोंड आणू नये. तो उसळला की जबडा किंवा डोळा जातो. दांड्याला पाइप लावून लांबी वाढवण्याचा जुगाडही नको.

पडण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. ट्रेलरची पाठ जमिनीपासून चार-पाच फूट, त्यावर माल. पावसात ओली ताडपत्री, वारा सुटला की तिचे शीड होते आणि माणसाला घेऊन खाली येते. वर विजेची तार आहे का, हे चढण्याआधी पाहावे. चढता-उतरताना दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय, असे तीन आधार टेकलेले असावेत. उडी मारू नये. उंचावरून टाचेवर आपटलेल्या माणसाची टाच मोडते, तोच दणका वर चढून कधी कधी कमरेचा मणकाही दबतो. रुग्ण मात्र टाचेचेच सांगतो. अशा वेळी कमरेबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. आणखी एक गोष्ट. पाच तास बसून गाडी चालवल्यावर लगेच वाकून ताडपत्री ओढू नये. बसून आणि हादरून मणक्यातली गादी तेव्हा दुबळी झालेली असते. आधी दहा मिनिटे चालावे.

झोपेशी सौदा करता येत नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा वागतो, असे १९९७ सालीच प्रयोगातून दिसले आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० आहे! म्हणजे न पिताही तो प्यालेलाच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली होती. रस्त्यावर ते किती पाळले गेले हे सर्वांना ठाऊक आहे. पहाटे २ ते ५ आणि जेवणानंतरची दुपार या वेळा सर्वांत वाईट. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू डुलकी घेतो. गेले दोन-तीन किलोमीटर आठवेनात की गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि वीस मिनिटे झोपावे. चहा, तंबाखू आणि मोठी गाणी यांनी झोप हटत नाही. अफूच्या बोंडांची सवय तर घरादारासकट बुडवते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनीही गुंगी येते. औषध घेताना "मी ड्रायव्हर आहे" हे आधी सांगावे. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्याने आणि दिवसा पेंगणाऱ्याने तपासून घ्यावे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण टाळून गाडी काढू नये, खिशात साखर ठेवावी. थांबावे लागेल म्हणून पाणी न पिणारे मुतखडा घेऊन येतात. लघवी पिवळीजर्द दिसली की पाणी कमी पडले असे समजावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे, पण नवशिक्याच्या वाट्याला बहुधा जुनीच गाडी येते.

अपघात झालाच तर १०८ लावावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, हळद, ग्रीस, चुना काही लावू नये. उंचावरून पडलेल्याला बखोटीला धरून उठवू नये. पाय मालाखाली तासाभराहून जास्त अडकला असेल तर तसे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना सांगावे, कारण दाब सुटताच चेचलेल्या स्नायूंतली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंड आणि हृदय बिघडवू शकतात. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये. आणि धनुर्वाताची लस पहिल्या खेपेआधीच घ्यावी. आधी कधीच घेतली नसेल तर महिन्याच्या अंतराने दोन, सहा महिन्यांनी तिसरी आणि पुढे दर १० वर्षांनी एक. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.