मेघांतील हिमकणांचा वेध

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सातारा जिल्ह्यातील मांढरदेवच्या डोंगरावरून रडारद्वारे मेघांचा अभ्यास केला आहे. रडारच्या लहरी ढगातील कणांवर आदळून परततात. परतीच्या वेळेवरून अंतर कळते, जोरावरून कणांच्या आकारमानाचा व संख्येचा अंदाज येतो. पावसाळ्यात सुमारे ५ किलोमीटर उंचीवर हिमकण वितळू लागतात. पाण्याने माखलेला कण लहरी अधिक जोराने परतवतो, म्हणून तेथे ठळक पट्टा उमटतो. त्याच्या वर बर्फ, खाली पाऊस. महाबळेश्वरला झोडपणारे पुष्कळसे ढग मात्र ठेंगणे व हिमविरहित असतात. घाट ओलांडताना ते रिते होतात. सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीची भिस्त उंच वाढणाऱ्या, हिमकणधारी ढगांवर. तासगावच्या द्राक्षबागांवर गारा टाकणारे ढगही याच जातीचे.