बत्तीस घासांतले चार

बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते. दिगंबर परंपरेत तिलाच अवमौदर्य म्हणतात. अनशनाचे कौतुक होते, मासखमणाची शोभायात्रा निघते, पारण्याच्या पत्रिका छापल्या जातात. ऊणोदरीची पत्रिका कोणी छापत नाही. भूक थोडी शिल्लक ठेवून ताटावरून उठणाऱ्याचे तप शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही. शास्त्रांत पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवलांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस कवलांचा मानला आहे. त्याहून एक घास कमी घेतला तरी ती ऊणोदरीच. वार्धक्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ नव्वद वर्षे जो आहार तपासत आहेत, तो या न दिसणाऱ्या तपाच्या बराच जवळचा आहे.

1935 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांना असे आढळले की, पोषकद्रव्ये पुरेशी ठेवून केवळ उष्मांक कमी केलेले उंदीर इतरांहून अधिक जगतात. असे का व्हावे, याचा एक धागा पेशींतील तंतुकणिकांपाशी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियापाशी जातो. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन तेथे एका साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि ऊर्जा तयार होते. वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटतात व त्यांतून मुक्त मूलके जन्मतात. ही मूलके प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि तंतुकणिकेतील डीएनए यांना इजा करतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. गिऱ्हाईक नसताना माल येतच राहिला की गोदामाची वाट तुंबते. येथेही तसेच घडते. काम कमी आणि इंधन अधिक झाले की साखळी तुंबते व गळती वाढते. आहार मोजका असला की ही गळती घटते, नव्या तंतुकणिका घडवणारे संदेश जागे होतात आणि जीर्ण झालेल्या तंतुकणिका पेशी स्वतःच मोडीत काढते. या मोडीच्या व्यवस्थेचे, ऑटोफॅजीचे, रहस्य उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसांवरील मोठा प्रयोग ‘कॅलरी’ या नावाने अमेरिकेत झाला. लठ्ठ नसलेल्या 218 निरोगी व्यक्तींपैकी एका गटाने दोन वर्षे 25 टक्के कमी खावे, असे ठरले होते. प्रत्यक्षात सरासरी साधले ते सुमारे 12 टक्के. बत्तीस घासांचा हिशेब लावला तर हे जेमतेम चार घास! तरीही रक्तदाब व कोलेस्टेरॉल सुधारले. त्यांतील काहींची अधिक बारकाईने तपासणी झाली, तेव्हा ऑक्सिडीकरणाच्या ताणाची लघवीतील खूण घटलेली दिसली. 2023 मध्ये डीएनएवरील खुणांच्या एका मोजमापात वार्धक्याची गती दोन ते तीन टक्क्यांनी मंदावल्याचे आढळले. अन्य दोन मोजमापांत मात्र फरक नव्हता. माणसाचे आयुष्य वाढते, असे यातून सिद्ध झालेले नाही, आणि व्याख्यानांतून तसे सांगणे थांबले पाहिजे. कर्मनिर्जरेसाठी सांगितलेल्या तपाला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरजही नाही.

माकडांवरील दोन प्रयोग आपल्या घरांना अधिक लागू पडावेत. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडे अधिक जगली. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतील प्रयोगात 2012 पर्यंत तसा फरक दिसला नाही. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर कितीतरी अधिक होती आणि तुलनेसाठीची माकडे पोटभर खात होती. संस्थेत त्यांनाही मोजूनच मिळे. ज्याचे ताट मुळात भरगच्च, त्याला कपातीचा लाभ मोठा, असा त्याचा एक अर्थ लागतो. आपल्या स्वामीवात्सल्याच्या पंगतीत, लग्नांत आणि उद्घाटनांत कोणते ताट असते, हे सांगावयास नको. ऊणोदरीचा आरंभ तेथूनच व्हावा. ऑक्सिडीकरणविरोधी गोळ्यांच्या डब्यांतून नव्हे. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला.

‘कॅलरी’मधील स्त्री-पुरुष साधारण विशी ते पन्नाशीतील होते, आणि त्यांच्याही कंबरेच्या व मणक्याच्या हाडांची घनता थोडी घटली होती. सत्तरीतील आजी-आजोबांचे स्नायू आधीच झिजत असतात. त्यांच्या ताटातून डाळ, दूध, दही कमी करू नये. गर्भवती, वाढत्या वयातील मुले आणि कृश व्यक्ती यांच्यासाठी ही कपात नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी, मग घास मोजावेत.