सांडा, घोरपड की सरडा? आधी शेपटी पाहा

"आज रस्त्याकडेला केवढी घोरपड दिसली!" असे नेगेवमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून आम्ही नेहमी ऐकतो. पुष्कळदा ती घोरपड नसून सांडा असतो. भीतीपोटी कोणी त्याच्यावर दगड उचलतो. म्हणून ही ओळख नीट करून घेऊ.

सांड्याला हिब्रूत हरदोन-त्साव म्हणतात. मुंबईच्या फुटपाथवर ज्याचे तेल विकत, त्या राजस्थान-कच्छमधील सांड्याचा हा मोठा भाऊबंद. पहिली खूण शेपटी. ती जाड, आखूड आणि काटेरी खवल्यांच्या कड्यांनी वेढलेली असते. अंग चपटे व जड, डोके कासवासारखे बोथट. लांबी 70 सेंटीमीटरपर्यंत जाते. सकाळच्या गारव्यात तो काळपट दिसतो. ऊन खाल्ले की पिवळसर होतो. नाकपुडीजवळ पांढरी पूड दिसली तर तो आजार नव्हे. शरीरातील जादा मीठ तो नाकावाटे टाकतो.

घोरपड म्हणजे हिब्रूतील कोआख. तिची मान लांब, डोके निमुळते, जीभ सापासारखी दुभंगलेली. शेपटी काट्यांविना, चाबकासारखी लांब. ती उंदीर, साप, अंडी खाते. सांडा मात्र पाला, बिया आणि बाभळीच्या शेंगांवर जगतो.

तिसरा हरदोन, म्हणजे भिंतीवर बसून मान खालीवर करणारा सरडा. त्याचीही शेपटी खरबरीत, पण ती बारीक, आणि प्राणी सांड्याहून पुष्कळच लहान.

नावाचा घोटाळा मुलांना समजावून सांगावा. आजच्या हिब्रूत त्साव म्हणजे कासव. परंतु तोरात, वायिक्राच्या 11 व्या अध्यायात, अशुद्ध प्राण्यांच्या यादीत जो त्साव येतो, तो सांडाच असे अनेक अभ्यासक मानतात. अरबीत सांड्याला आजही दब्ब म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. कोआखही त्याच यादीत आहे.

सांडा आपण होऊन अंगावर येत नाही. घाबरला की बिळात शिरतो, अंग फुगवून अडकून बसतो आणि शेपटीने दार अडवतो. शेपटीचा फटका मात्र जोराचा असतो, म्हणून हात लावू नये. जगात त्याची संख्या घटत आहे आणि इस्राएलात त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा गाडी हळू करावी, शेपटी पाहावी, मुलांना दाखवावी आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.