चित्रपटकाराचा सोबती

नाटककाराला आपल्या श्रमाचे फळ त्याच रात्री कळते. कोठे हशा पिकला, कोठे पान खाण्याकरिता लोक उठले, हे पाहून तो दुसऱ्या प्रयोगात चार वाक्ये कमी करू शकतो. चित्रपटकाराचे तसे नाही. चित्र एकदा पडद्यावर गेले की त्यात काही बदल करणे सहसा त्याच्या हाती उरत नाही. म्हणून महोत्सवास निघालेल्या चित्रपटकाराचे चित्त परीक्षेच्या निकालास निघालेल्या विद्यार्थ्यासारखे असते, व अशा वेळी एखादा जिवाभावाचा स्नेही बरोबर असावा असे त्यास वाटते.

परंतु या स्नेह्याचे कर्तव्य कोणते? स्तुती करणे खासच नव्हे. त्याने मित्राच्या शेजारी न बसता दूर, शेवटच्या रांगेत बसावे व पडद्याइतकेच प्रेक्षकांकडेही लक्ष द्यावे. चित्रपटकारासमोर लोक सभ्यपणे बोलतात. खरे मत दाराबाहेर, चहा पिताना निघते. ते मित्राच्या कानी घालणे हीच सोबतीची खरी सार्थकता होय.

हे खरे मत लहान गावात अधिक सहज मिळते. महानगरातील रसिक कंटाळला तरी शेवटी टाळ्या वाजवितो. लहान गावचा प्रेक्षक कंटाळला तर सरळ उठून जातो, आणि रमला तर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन येतो.

चित्र घेऊन लोकांकडे जाण्याची ही वाट आपल्याकडे नवी नाही. कल्याणच्या पटवर्धनांनी गेल्या शतकाच्याही आधी, १८९० नंतरच्या दशकात, ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ केले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्या उद्योगात सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सारे भार उचलले. सोबत म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण कोणते सांगावे? पुढे फिरत्या तंबूंनी यात्रांतून चित्रपट दाखविला. १९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईस सुरू झाला, तोही एका जागी न थांबता मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आपल्या अनेक कलावंतांनी त्यातच पाहिला.

मग हा प्रवास मोठ्या शहरांपाशीच का थांबावा? परभणी जिल्ह्यातील पेडगावचेच पाहा. ते मनमाड-परभणी लोहमार्गावर आहे. याच मार्गावरील छत्रपती संभाजीनगर येथे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. पेडगावचा हौशी तरुण गाडीत बसून तेथे जाईल. परंतु घरची सासू, सून व शाळकरी मुलगी यांचे काय? रात्री परतण्याची अडचण, खर्च व घरची कामे यांमुळे त्यांच्यासाठी ते अंतर मैलांत मोजण्याजोगे राहत नाही. महोत्सवानेच गाडी धरून खाली उतरावे, हाच यावर उपाय.

यास थाटमाट नको. पूर्वी रिळांचे जड डबे वाहून न्यावे लागत. आता पुरा चित्रपट खिशात मावतो. निर्मात्याची परवानगी, शाळेचा दिवाणखाना, खिडक्यांस जाड पडदे, विजेची पर्यायी सोय व बरा ध्वनी एवढे जमले तरी पुरे. खेळ दुपारच्या जेवणानंतर ठेवावा, म्हणजे स्त्रियांस निवांतपणे येता येईल. आणि चर्चेत पहिला प्रश्न विचारण्याचा मान त्यांस द्यावा. पुढची खुर्ची पुढाऱ्यास व मागची भिंत बायकांस, अशी व्यवस्था झाली तर चित्रपटकाराला निम्मे गाव भेटलेच नाही असे समजावे.

वाचकहो, आपल्या घरोब्यात चित्रपट काढणारा कोणी स्नेही असेल तर त्यास अशा गावी जाण्याचा आग्रह करा, आणि आपणही बरोबर जा. परतीच्या गाडीत त्याने ‘कसे झाले?’ असे विचारले असता एखाद्या आजीबाई कोणत्या प्रसंगी पदराने डोळे टिपीत होत्या व कोणत्या प्रसंगी जांभई देत होत्या, एवढे मात्र त्यास न चुकता सांगा.