आर्टिचोक : उमलण्यापूर्वीची भाजी

फूल पूर्ण उमलावे, ही आपली स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु भूमध्य सागराच्या परिसरात अशी एक भाजी पिकते, की जिचे फूल उमलले तर पीक हातचे गेले असे समजावे. तिचे नाव ग्लोब आर्टिचोक.

ही बहुवर्षायू वनस्पती सूर्यफुलाच्या कुलातील असून आपल्या काटेरी करडईची ती जवळची आप्त आहे. करडईची कोवळी पाने आपण भाजीसाठी खुडतो. आर्टिचोकची न उमललेली कळी खुडतात. एकावर एक घट्ट बसलेल्या जाड, हिरव्या खवल्यांमुळे ती मिटलेल्या कमळासारखी भासते. काढणीस विलंब झाला, की खवले निबर होतात आणि आतून निळसर जांभळे फूल डोकावू लागते. ते नयनरम्य खरे, पण खाण्यास निरुपयोगी.

एवढ्या मोठ्या कळीत खाण्याजोगा भाग मात्र थोडाच असतो. खवल्यांची टोके कापून तेथे लिंबाचा रस चोळतात, कारण कापलेला भाग लवकर काळा पडतो. त्यानंतर कळी अर्धा-पाऊण तास उकडतात. बाहेरचा खवला सहज सुटला, की ती शिजली. एकेक खवला काढून, त्याचा बुडखा वितळलेल्या लोण्यात बुडवून, दातांनी गर ओढून घ्यायचा व उरलेला भाग टाकून द्यायचा. आत केसाळ तंतूंचा पुंजका लागतो. तो घशात अडकतो म्हणून खरवडून काढावा लागतो. त्याखालचा मऊ गाभा हाच सर्वांत रुचकर भाग होय. आवळा खाल्ल्यावर लागते तसे, आर्टिचोकनंतरही पाणी अनेकांना गोड लागते. त्यातील सायनारिन या घटकाचा हा परिणाम.

इटलीमध्ये ही भाजी अत्यंत लोकप्रिय आहे. रोममधील ज्यू समाजाची अख्खी कळी तळण्याची पद्धत तर प्रसिद्धच आहे. अमेरिकेत गेलेल्या इटालियन कुटुंबांनी ही आवड सोबत नेली. कॅलिफोर्नियात पिकलेला माल न्यूयॉर्कला येऊ लागला आणि तेथे सिरो टेरानोव्हा या गुंडाने तो एकहाती खरेदी करून चढ्या भावाने विकण्यास सुरुवात केली. अखेर २१ डिसेंबर १९३५ रोजी महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी भल्या पहाटे घाऊक बाजारात जाऊन, तुताऱ्या वाजवून, लहान आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. काही दिवसांतच ती उठविण्यात आली.

एका भाजीसाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर त्या कळीतच आहे. कळी उमलायची थांबत नाही, म्हणून शेतकऱ्याला भावासाठी थांबता येत नाही. ज्याला थांबता येत नाही, त्याला अडवणे सोपे असते. खरेदीदार एकच उरला, तर शेतकऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो आणि ग्राहकाला मागेल ती किंमत मोजावी लागते. नाशवंत मालाच्या बाजारात अनेक खरेदीदार असणे किती महत्त्वाचे आहे, हे या काटेरी भाजीची कहाणी सांगते.